दीड इंचाचा अडसर

दोन-बाय-बारा म्हणून जी फळी विकतात ती दोन इंच जाड नसते. दीड असते. उरलेला अर्धा इंच गिरणीतच रंध्याखाली जातो. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि तरी सगळे दोनच म्हणतात.

\*

बनाना ब्रेड चार दिवस टिकतो. पाचव्या दिवशी वरचा पापुद्रा ओला होतो.

\*

ठराव क्रमांक तीन. सूचक : ग्लेन हॅफ्नर. अनुमोदक : मर्ल ओट्स. विरोधात : कोणी नाही.

\*

बत्तीस वर्षांत माझ्या वर्गात एकाही मुलाचं बोट गेलं नाही. शेजारच्या तालुक्यातल्या शाळेत तीन गेली.

\*

कॉर्व्हेटमध्ये बसलं की नाकापुढची सहा फूट जमीन दिसत नाही. चालवणारा तेवढ्यापुरता आंधळा असतो. ते कबूल न करणं हा त्या गाडीचा निम्मा रुबाब आहे.

\*

क्लेटन रूशनं त्या वसंतात सलग अकरा दिवस फोन उचलला नाही.

\*

मर्ल ओट्स म्हणजे मी.

शून्य

जमिनीपासून सुरू करतो.

आमच्या क्लबात एकोणीस गाड्या. सगळ्या कॉर्व्हेट, सगळ्या जुन्या, सगळ्या आमच्यासारख्याच जमिनीला टेकायला आलेल्या. खालचं काम करायचं तर गाडी वर चढवावी लागते, पण असल्या गाडीखाली जॅक सरकत नाही. बाजारात मिळणारे लोखंडी रॅम्प इतके उभे असतात की चाक पोचायच्या आधी गाडीची हनुवटी त्यांना जाऊन थडकते. म्हणून लांब, सपाट, पायऱ्यापायऱ्यांचे रॅम्प लागतात, आणि ते लाकडाचेच करावे लागतात. आमच्याकडे ते क्लेटन करायचा.

क्लेटन एकाहत्तर वर्षांचा. गावातला डाय, म्हणजे पोलादी साचे, बनवणारा कारखाना बंद पडला तोवर तिथंच. इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत अचूक वस्तू बनवणारा माणूस, आणि कारखाना गेल्यावर त्याच्याकडे राहिल्या फळ्या. बायको, फे, सहा वर्षांपूर्वी गेली. मुलगा ॲरिझोनात, नाताळला फोन करतो. क्लेटननं चौदा जोड्या बनवल्या होत्या, क्लबातल्या चौदा जणांसाठी. प्रत्येक फळीच्या मागच्या कडेला पोलादी ठशानं आकडा ठोकलेला. मोबदला एकच : एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी सगळ्यांनी आपापल्या गाड्या घेऊन त्याच्या गॅरेजवर यायचं. तेल बदला, ब्रेक बघा, डोनट खा, संध्याकाळपर्यंत हलू नका.

तो शनिवार गेला तर क्लेटनकडे वर्षात काय उरतं, हे क्लबात प्रत्येकाला माहीत होतं. मला सगळ्यांत जास्त. मी त्याच्याकडे आठवड्यातून तीनदा जात होतो.

दीड इंच

पहिली फळी सगळ्यांत लांब. तिच्यावर दुसरी, सोळा इंच आखूड. तिच्यावर तिसरी, तशीच. प्रत्येकीची पुढची कड तिरकी कापलेली, की चाकाला चढताना ठेच लागू नये. मध्ये गोंद, खालून स्क्रू. सगळ्यांत खाली जुन्या पट्ट्याचं रबर, गुळगुळीत फरशीवर घसरू नये म्हणून. चौथ्या फळीवर चाक उभं राहतं आणि तिच्या टोकाला आडवा अडसर, दोन फळ्यांचा, तीन इंच उंच. चाक त्याला लागलं की गाडी थांबते, मग चालवणारा ग्लेन हॅफ्नर का असेना.

ग्लेन आमचा अध्यक्ष. विम्याचं काम करतो आणि बोलतो असा की जणू आपण सगळे त्याच्याकडे दावा घेऊन आलोय. त्या हिवाळ्यात त्यानं गाडी आणखी खाली बसवली आणि पुढच्या बंपरखाली काळी पट्टी लावली. क्लबात त्या पट्टीला ओठ म्हणतात.

मार्चमध्ये तो क्लेटनच्या गॅरेजात आला. मीही होतो, फळ्यांना सँडपेपर मारत.

"क्लेटन, तुझा अडसर माझ्या ओठाला लागणार."

"मग ओठ काढ."

"काढायचाच होता तर बसवला कशाला?"

"मीही तेच विचारतोय."

ग्लेन हसला नाही. "मला नवी जोडी करून दे. अडसर बुटका ठेव. एका फळीचा."

क्लेटननं पेन्सिल कानामागून काढली, परत कानामागे ठेवली. "तीन इंचाचा अडसर चाकाला अडवतो. दीड इंचाचा नुसता सांगतो, की बाबा, आता पुरे. ऐकायचं की नाही ते तुझ्याकडे."

"मला कसं कळणार? चढताना प्रत्येक पायरीला दीड इंचाचाच धक्का बसतो. सगळे सारखेच."

"म्हणून तर समोर माणूस उभा असतो ना! मूठ दिसली की ब्रेक. धक्के मोजत बसू नकोस, तुला चारच्या पुढे मोजता येत नाही."

"आणि मूठ कोण दाखवणार?"

"मास्तर दाखवतील." क्लेटननं माझ्याकडे मान केली. मी शाळेत सुतारकाम शिकवायचो, म्हणून मी मास्तर. "त्यांच्या वर्गात अजून कोणाचं बोट गेलेलं नाही."

मी सँडपेपर मारत राहिलो. मला बरं वाटलं होतं, हे लिहून ठेवतो.

तीन इंच

शनिवार. ऊन होतं, पण सावलीत जॅकेट लागत होतं. घराबाहेर गाड्यांची रांग, खुर्च्या, कॉफीचा मोठा पिंप. बायका एका बाजूला. त्यांत माझी अर्लीन, गुडघ्यावर डोनटचा खोका घेऊन, कोणी दुसरा उचलला की त्याला नाव घेऊन हटकणारी.

आमचा नियम एकच आणि तो क्लेटनचा. गाडी रॅम्पवर असताना एकानंच इशारा करायचा. बाकीच्यांनी हात खिशात घालायचे, नाहीतर कॉफीच्या कपाभोवती. एकदा कोणीतरी डास मारला आणि एक गाडी वाकडी चढली, तेव्हापासून.

"हात!" क्लेटन ओरडला, आणि सोळा माणसांनी हात खिशात घातले. शाळेतल्या पोरांसारखे. मला हसू आलं.

ग्लेनसाठी केलेली बुटक्या अडसराची नवी जोडी गॅरेजच्या आत मांडलेली. मी आत, रॅम्पच्या टोकापलीकडे उभा, तोंड बाहेर. माझ्यासमोर ग्लेनची रुपेरी गाडी, तिच्यामागे क्लेटनचं अंगण, त्यामागे रस्ता. क्लेटन डाव्या रॅम्पशेजारी गुडघ्यांवर, डोकं जवळजवळ फरशीला लावून, टायरची कड फळीच्या कडेशी जुळते का ते बघत. त्याला चाक सोडून काही दिसत नव्हतं. ग्लेनला मी सोडून काही दिसत नव्हतं.

साडेचार इंच

पहिली पायरी. धक्का. दोन्ही तळव्यांनी मी त्याला ये, ये केलं.

दुसरी.

"छान चाललंय," क्लेटन खालून म्हणाला. "ओठ अर्धं बोट वर आहे. येऊ दे."

तिसरी. ग्लेननं काच खाली केली होती. त्याचा चेहरा घामेजलेला. इतक्या माणसांसमोर इतकं हळू चालायची त्याला सवय नाही.

चौथी. आता चाक वरच्या फळीवर. तिथून अडसरापर्यंत जेमतेम हातभर. चाकाचा मधला भाग फळीवरच्या खडूच्या रेघेवर आला की मूठ.

आमच्याकडे रस्त्यावरून कोणीही गेलं तरी हात करतात. ओळख असावी लागत नाही. पिकअपमधून जाणारा स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलतो, अंगणातला माणूस हात वर करतो. न करणारा शहरातला असतो किंवा त्याच्या घरात काहीतरी झालेलं असतं. मी हे चालायला लागल्यापासून करतोय. शवयात्रेत चालतानाही केलंय.

निळा पिकअप आला. आतल्या माणसानं बोटं उचलली. मी गाडीच्या टपावरून त्याच्याकडे बघितलं आणि उजवा हात वर केला. बोटं उघडी. पिकअप मेपलच्या झाडामागे जाईपर्यंत. दोन सेकंद, फार तर अडीच.

माझ्या वर्गात गोल करवतीच्या वर एक पाटी होती, मीच रंगवलेली : यंत्र चालू असताना दाराकडे बघायचं नाही. दारात तुझी आई आली तरी.

सहा इंच

अडसराचा धक्का ग्लेनला चौथ्या पायरीसारखाच लागला. मूठ नव्हती. म्हणून त्यानं पायानं आणखी जरा दाबलं.

आवाज फार मोठा झाला नाही. लाकडी पेटीवर कोणी बसावं तसा. पुढची दोन्ही चाकं टोकावरून खाली गेली, फरशीपर्यंत पोचली नाहीत. गाडी पोटावर अडकली. दारांखालची पट्टी दोन्ही बाजूंनी आत गेली. फायबरची बाजू लांब उकलली, मक्याच्या कणसाचं पान ओढावं तशी. ओठ तुटून माझ्या बुटापाशी आला.

क्लेटन मागे सरकला होता. त्याला काही लागलं नाही. हे मी पहिल्यांदा बघितलं, हे माझ्या बाजूनं लिहून ठेवतो.

ग्लेन कसाबसा बाहेर आला. "मूठ नव्हती! मी मूठ बघितली नाही!"

"मी केली होती," मी म्हणालो.

आणि ते खोटं नव्हतं. माझी उजवी मूठ त्या क्षणी छातीशी घट्ट वळलेली होती. सगळ्यांनी ती बघितली. ती कधी वळली, तेवढंच कोणी बघितलं नव्हतं. सगळे गाडीकडे बघत होते.

ग्लेननं माझ्याकडे बघितलं, मग मुठीकडे, मग स्वतःच्या उजव्या पायाकडे. पाय त्याचा होता. मूठ असतानाही त्यानं दाबलं असेल तर चूक त्याची होती. मला त्याचं डोकं चालताना दिसत होतं. मग त्याची नजर अडसरावर गेली आणि तिथं स्थिरावली.

"हा फार बुटका आहे," तो म्हणाला.

"हो ना," मागून कोणीतरी म्हणालं. "दीड इंच म्हणजे काय, चाकाला काहीच नाही."

"लाकूडच शेवटी."

सगळ्यांना एकदम वाट सापडली. फळीला तोंड नसतं.

क्लेटन अजून गुडघ्यांवर होता. त्यानं अडसरावर तळवा ठेवला, ताप बघतात तसा. "हा हलला नाही," तो म्हणाला. "जागचा हललेला नाही." कोणाला उद्देशून ते कळलं नाही.

साडेसात इंच

म्हणजे अडसराची वरची कड, जमिनीपासून. याच्यावर काही नाही. इथून पुढे सगळं खालीच.

घरी पोचून अंगणात इंजिन बंद केल्यावर अर्लीन बोलली.

"तू सांगणार आहेस की नाही?"

"काय?"

"मर्ल, मी रस्त्याकडे तोंड करून बसले होते. मीपण हात केला त्या पिकअपला."

मी किल्ली काढली. "मग तू सांग."

"मी नाही सांगणार. मला अजून तुझ्याबरोबर एका घरात राहायचंय. म्हणून तर तुला विचारतेय." ती उतरली. डोनटचा रिकामा खोका माझ्या मांडीवर ठेवून गेली.

मी सांगणार होतो. सोमवारी. मग वाटलं, बैठकीत सगळ्यांसमोर सांगावं. एकदाच काय ते.

बैठक पॅनकेकच्या हॉटेलात, मागच्या खोलीत. क्लेटन इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. फे गेल्यापासून तो शर्ट मी बघितला नव्हता. ग्लेननं कागद वाचला : यापुढे क्लबच्या कोणत्याही कार्यक्रमात घरी बनवलेले लाकडी रॅम्प वापरू नयेत.

"क्लेटन, तुला कोणी दोष देत नाहीये हं," तो म्हणाला.

"छे, छे," सगळे म्हणाले. कोणीतरी क्लेटनकडे सिरपची बाटली सरकवली.

क्लेटन उभा राहिला. "अडसर तीन इंचाचाच हवा होता. ग्लेन म्हणाला तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं. चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकाला नाही म्हणत आलो, आणि इथं म्हणालो नाही." तो बसला. मग पुन्हा अर्धवट उठून म्हणाला, "बाकीच्या चौदा जोड्यांना तीन इंचाचा आहे. त्या चांगल्या आहेत."

"चांगल्याच आहेत, प्रश्नच नाही," ग्लेन म्हणाला. "अनुमोदन?"

सगळ्यांना वाटत होतं हे दुसऱ्यानं करावं. ग्लेननं माझ्याकडे बघितलं; त्याला काही माहीत नव्हतं, पण विमेवाल्याला वास येतो. मी अनुमोदन दिलं नसतं तर लोकांनी विचारलं असतं, मास्तर, का? आणि मग सांगावं लागलं असतं. बत्तीस वर्षं, ती पाटी, एकही बोट नाही. चौसष्टाव्या वर्षी माझ्याकडे एवढीच एक गोष्ट होती. क्लेटनकडेही एकच होती. दोन्हींतली एक जाणार होती, आणि हात माझा होता.

मी तो वर केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या गॅरेजवर गेलो. ती जोडी त्यानं बाकावर घेतली होती, स्क्रू काढले होते, फळ्या सुट्या मांडल्या होत्या. हातात जाडी मोजायचा कॅलिपर.

"सगळ्या दीड," तो म्हणाला. "एक केसभर जास्त आहे, पण ती खालची. मास्तर, कॉफी घे."

"नको."

"एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"विचार की."

"मूठ वेळेवर होती ना?"

गॅरेजचं दार उघडं होतं. बाहेर रस्ता होता, रिकामा. मी त्याच्याकडे बघितलं नाही, कॅलिपरकडे बघितलं.

"होती," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. "बरं झालं," तो म्हणाला. "मी काल झोपलोच नाही. मला वाटलं, तू आज येऊन सांगशील की नव्हती. मग मी तुला काय म्हणायचं, त्याची तयारी करत होतो."

"काय म्हणणार होतास?"

"काय म्हणणार! म्हणणार होतो, जाऊ दे मास्तर, होतं असं. इथंच ठेवू, कोणाला सांगायला नको." तो हसला. "म्हणून दाखवलं असतं छान. आता काय, माझंच चुकलं. ते सोपं आहे."

तेव्हाही वेळ होता. त्यानं पाठ फिरवून दोन कप काढले, एक परत ठेवला, उरलेल्यात ओतली. तेवढा पूर्ण वेळ होता.

मग रॅम्प परत यायला लागले. त्यानं ते मागितले नव्हते, कोणी परत करा म्हणालं नव्हतं. पण आपल्या गॅरेजात ठराव झालेली वस्तू कोण ठेवणार, विमा वगैरे असतो. गुरुवारी पहिली जोडी आली. प्रत्येकानं तेच केलं : घंटा वाजवली, तो आला नाही, मग अंगणात भिंतीला टेकवून ठेवली आणि वर एक चिठ्ठी आणि फॉइलमध्ये गुंडाळलेला बनाना ब्रेड. 'क्लेटन, इतक्या वर्षांबद्दल मनापासून आभार.' कोणाच्याही घरी रिकाम्या हातानं जायचं नसतं आमच्याकडे. अकरा दिवसांत तेरा जोड्या आल्या, आकडे बाहेरच्या बाजूला. ब्रेड आठ. खारींनी फॉइल फाडली.

चौदावी माझी.

अर्लीननं ब्रेड भाजायला नकार दिला. मी दुकानातून आणला, वेष्टण काढलं, घरचं दिसावं म्हणून फॉइलमध्ये गुंडाळला.

मी जोडी भिंतीला टेकवत असताना दार उघडलं. तेरा जणांना उघडलं नव्हतं. क्लेटन सपातांवर उभा होता. त्यानं माझ्या हातातल्या फळीकडे बघितलं, मागचा आकडा वाचला.

"तूपण?" तो म्हणाला.

"ठराव आहे ना," मी म्हणालो.

"हो. बरोबर." त्यानं ब्रेड घेतला, वजन केल्यासारखा हातात तोलला. "अर्लीनला थँक्यू सांग."

सप्टेंबरात त्यानं गाडी विकली. कोणाला विकली ते आम्हाला सांगितलं नाही. पुढच्या एप्रिलचा शनिवार ग्लेनकडे झाला. त्यानं विजेवरची लिफ्ट बसवली होती. बटण दाबलं की गाडी वर. इशारा करायला कोणी लागत नाही. आम्ही दिवसभर हात मोकळे सोडून उभे होतो, आणि दुपारी दोनलाच सगळे घरी गेले.

क्लेटन कधीकधी आमच्या घरावरून जातो, दवाखान्याच्या वाटेनं. मी अंगणात असलो तर तो स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलतो. मीही हात करतो.

त्या निळ्या पिकअपची नंबरप्लेट आमच्या राज्याची नव्हती, इंडियानाची होती.